रांगेतला येशू आणि गाणगापूरची माधुकरी

येशूचं कॅलेंडर आपण सगळ्यांनी बघितलेलं असतंय. ख्रिश्चन घरात नसेल तर एखाद्या दवाखान्यात, नाहीतर कॉन्व्हेंटच्या ऑफिसात. गोरापान, सोनेरी केस खांद्यावर, डोळे निळे, छातीवर लाल हृदय आणि त्यातनं निघालेली किरणं. मला त्या चित्राबद्दल काय वाईट बोलायचं नाही. आपल्या लक्ष्मी-सरस्वतीची कॅलेंडरं पण त्याच घाटाची असतात, गुळगुळीत चेहरा, गुलाबी गाल, आणि ज्याला रोज समोर उभं राहून हात जोडायचेत त्याला ते बरोबर पुरतंय. पण मध्यंतरी माझ्यासमोर एक वेगळाच येशू आला, काळापांढरा, चेहरा धड दिसत नाही, अंगावर पांघरूण गुंडाळून माणसांच्या रांगेत उभा. तेव्हापासून मी त्याच्याच मागं लागलोय. पोस्ट लांब होणाराय, आधीच सांगून ठेवतो.

नवीन वाचकांसाठी, मी ग्राफवाला. म्हंजे सोलापूरच्या जेकार्ड लूमसाठी, नक्षी विणणाऱ्या मागासाठी, डिझाइनचे ग्राफ करतो. चादरीची नक्षी, टॉवेलची बॉर्डर, आणि वॉल हँगिंग, ज्याच्यात महाराज, बाबासाहेब, बालाजी, सिद्धेश्वराचं देऊळ, आणि कुणाच्या रिटायरमेंटला साहेबांचा फोटो असं सगळं येतं. पूर्वी ग्राफ पेपरवर ब्रशनं एक एक चौकोन भरत बसायचो, आता कॉम्प्युटरवर करतो, पण डोकं तेच लागतं. एक चौकोन म्हंजे धागा वर का खाली. बास, एवढाच प्रश्न, दिवसभर.

मी स्वतः ख्रिश्चन नाही. आमच्या गल्लीत एक अक्का राहतात, रिटायर्ड नर्स, कॅथलिक, माहेर श्रीरामपूरकडचं, त्यामुळं सप्टेंबर आला की हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची तयारी सुरू. त्या आणि त्यांच्या चर्चमधली थोडी घरं मिळून रविवारी मिस्सा, म्हंजे चर्चमधली उपासना, झाली की सिव्हिलच्या बाहेर जेवण घेऊन जातात, पेशंटच्या नातेवाईकांसाठी. सिव्हिलला पेशंट फक्त सोलापूरचे नसतात, धाराशिवकडनं येतात, इंडी-विजापूरकडनं येतात, आणि त्यांची माणसं तिथंच फुटपाथवर सतरंजी टाकून आठ-आठ दिवस काढतात. ह्या लोकांनी कुठली संस्था वगैरे काढलेली नाही, बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही. फादर कधी आले तर येतात, नाही आले तरी भात शिजतो. सगळी प्रापंचिक माणसं, रेल्वेतले, शाळेत शिकवणारे, एक जण रिक्षावाले.

तर ह्या अक्कांनी मोबाईल पुढं केला आणि विचारलं, "अरे, ह्याचं वॉल हँगिंग होईल का बघ. जिथं आम्ही भाजी चिरतो त्या हॉलमध्ये लावायचंय."

आणि ते हे चित्र होतं. फ्रिट्झ आयकेनबर्ग नावाच्या माणसानं 1950 च्या सुमारास लाकडावर कोरलेलं. नाव साधारण 'पावासाठीच्या रांगेतला ख्रिस्त' असं. काळ्या आकृत्यांची रांग आहे. थंडीनं आखडलेली माणसं, कोट लपेटलेले, माना खाली. मधे एक जण इतरांसारखाच काळा, इतरांसारखाच वाट बघत उभा, फक्त त्याच्या डोक्यामागनं पांढरा उजेड फुटलाय. रांगेतल्या कुणाचंही त्याच्याकडं लक्ष नाही. हे मला सगळ्यात आवडलं. कुणी पाया पडत नाहीये, कुणी वळून बघत नाहीये, सगळ्यांना भूक लागलीय आणि रांग पुढं सरकायची वाट चाललीय.

मी आधी बघितलं ते टेक्निक, धंद्याची सवय. हे वुड एन्ग्रेव्हिंग. लाकडाचा आडवा छेद घेतात, म्हंजे खोड कापल्यावर वर्तुळं दिसतात ती बाजू, आणि लाकूड पण बॉक्सवुडसारखं एकदम घट्ट रेषेचं. ते घासून आरशासारखं करायचं आणि टोकदार हत्यारानं कोरायचं. कोरलं ते पांढरं राहतं, न कोरलेल्या भागावर शाई बसते. म्हंजे चित्रकार काळोखापासून सुरवात करतो आणि लागेल तेवढाच उजेड काढतो. कागदावर पेन्सिलीनं काढणाऱ्याचं बरोबर उलटं. ह्या चित्रातला येशू काळा का, ह्याचं अर्धं उत्तर इथंच आहे. त्याच्या अंगावर कोरलंच नाही फारसं, हत्यार चाललंय ते मागच्या उजेडात.

उरलेलं अर्धं उत्तर शोधायला मी वाचत सुटलो आणि डोरथी डे नावाच्या बाईपाशी पोचलो.

डोरथी डे, जन्म 1897. न्यूयॉर्कमधली पत्रकार, डाव्या विचारांच्या पेपरांत लिहिणारी, मोर्चे, अटक, सगळं झालेलं. 1926 ला मुलगी झाली, पुढच्या वर्षी बाई कॅथलिक झाली, आणि त्यापायी ज्याच्याबरोबर संसार होता तो माणूस सुटला. नन कधीच झाली नाही. हे महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं ख्रिश्चन सेवा म्हटलं की डोळ्यासमोर पांढऱ्या साडीतल्या सिस्टरच येतात. ही बाई शेवटपर्यंत प्रापंचिक, एकटी आई, नंतर आजी. तिला पीटर मॉरिन नावाचा फ्रेंच शेतकऱ्याघरचा एक फिरस्ता विचारवंत भेटला आणि दोघांनी मिळून 1 मे 1933 ला 'द कॅथलिक वर्कर' नावाचा पेपर काढला. किंमत एक सेंट. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये मे डेच्या गर्दीत उभं राहून विकला. मंदीचा काळ, अमेरिकेत तेव्हा चारातला साधारण एक कामगार बेकार. दोन-तीन वर्षांत खप लाखाच्या वर गेला. पुढं दुसऱ्या महायुद्धात पण युद्धाला विरोधच करत बसले त्यामुळं खप धाडकन पडला ते वेगळं. किंमत मात्र आजही एक सेंट.

आणि गंमत बघा, आधी पेपर, मग घर. मॉरिन पेपरात लिहायचा की गावोगावी अतिथीगृहं पाहिजेत, उपाशी माणसाला दार उघडं पाहिजे, भिकारी म्हंजे देवाचे दूत असं जुने ग्रीक लोक मानायचे वगैरे. लोकांनी ते वाचलं आणि दारात येऊन विचारायला लागले, कुठाय मग ते घर? आता लिहून बसलेत तर करायला पाहिजे की. जागा भाड्यानं घेतली. मग सकाळची कॉफी आणि पाव, मग रांग, शेकडो माणसांची. वर तिथंच पेपरचं ऑफिस. म्हंजे एका मजल्यावर अग्रलेख आणि खाली सूपचं पातेलं. 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या आर्चबिशपच्या ऑफिसनं सांगून बघितलं की नावातला 'कॅथलिक' शब्द काढा. काढला नाही. आणि 2000 पासून त्याच चर्चमध्ये बाईंना संत ठरवायची प्रक्रिया चालू आहे. चालायचंच.

आता चित्रांकडं येतो, कारण माझा विषय तो आहे.

ह्या पेपरातली चित्रं म्हटलं की सगळे आयकेनबर्गचं नाव घेतात. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी एक पोरगी तिथं आली होती, तिचं नाव एडी बेथ्यून, आणि माझं मत विचाराल तर खरी जमीन तिनं केली. बेल्जियममध्ये 1914 ला जन्म, घरचे अमेरिकेत आलेले, ही न्यूयॉर्कला आर्ट शिकत होती. एकोणीस-वीस वर्षांची असताना तिच्या हातात हा पेपर पडला. मजकूर आवडला, चित्रं बघून तोंड वाकडं केलं. तिनं संतांची काही चित्रं काढून दिली. नंतर ती स्वतः कपड्यांचं बोचकं घेऊन तिथं गेली तर डोरथीबाईंना वाटलं की ही राहायला जागा मागायला आलेली आहे.

हा प्रसंग लोक गंमत म्हणून सांगतात, पण मला तो चित्रांची किल्लीच वाटतो. त्या घरात कोण द्यायला आलंय आणि कोण घ्यायला आलंय हे दारात उभ्या माणसाकडं बघून कळतच नव्हतं. जेवायला आलेला माणूस दोन दिवसांनी बटाटे सोलायला बसायचा, मग हळूहळू तिथलाच होऊन जायचा, आणि कॉलेज शिकून मदतीला आलेली पोरं तेच सूप खायची, तेच जुने कपडे घालायची. पाहुणा आणि यजमान ह्यांच्यातली भिंत अशी पातळ झालेली.

बेथ्यूनचे संत पण तसेच झाले. आपल्याला संत म्हंजे वर डोळे लावलेला, हात जोडलेला माणूस माहीत. हिचे संत कामात असतात. जोसेफ सुतारकाम करतोय, मरिया घरकाम करतेय, कुणी जमीन खणतोय, कुणी भाकरी वाटतोय. बायबलमध्ये जी दयेची कामं सांगितलीत, उपाश्याला खायला, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, परक्याला घरात जागा, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची विचारपूस, आणि चर्चनं त्यात घातलेलं सातवं मयताला माती, त्या सगळ्यावर तिनं चित्रं काढली. जाड काळी रेषा, मागं फारसं काही नाही, माणसं ठसठशीत. संत जुन्या काळचे पण त्यांची पाठ वाकते ती आजच्या कामगारासारखी.

ती रेष जाड का, तर कागद भिकार होता म्हणून. एक सेंटचा पेपर, स्वस्त न्यूजप्रिंट, त्याच्यावर फोटोतले राखाडी ठिपके छापले की नुसता चिखल. काळं म्हंजे काळं आणि पांढरं म्हंजे पांढरं असं चित्र मात्र कसल्याही कागदावर टिकतं. आमच्या धंद्यात हे लगेच कळतं. गिऱ्हाईक मोबाईलवरचा फोटो आणतो, सावल्या, रंगछटा, लग्नातल्या फोटोवाल्यानं मारलेला ग्लो, आणि म्हणतो असंच्या असं विणा. कसं विणणार बे? धाग्याला मधलं काय माहीत नसतं. पण बेथ्यूनचं चित्र समोर आलं की हात शिवशिवतात. ते जसं काय लूमसाठीच काढलंय.

पेपरच्या नावाच्या पट्टीवर सुरवातीला दोन कामगार होते, दोन्ही गोरे. एका वाचकानं हे लक्षात आणून दिलं तेव्हा एक काळा झाला. 1930 च्या दशकातल्या अमेरिकेत हे साधं नव्हतं. मग 1935 मध्ये बेथ्यूननं पट्टी नव्यानं काढली आणि दोघांच्या मधे येशू उभा केला, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. अगदी गिरणीच्या गेटवर शिफ्ट सुटल्यावर तीन दोस्त फोटोला उभे राहावेत तसा. आणि पन्नास वर्षांनी, 1985 ला, तिनं स्वतःच तिचं हे चित्र बदललं, एका कामगाराच्या जागी बाई आणली. मला हे फार आवडलं. आपल्याकडं एखादी मूर्ती, एखादं चित्र एकदा पवित्र झालं की त्याला हात लावायची सोय राहत नाही, आणि ही म्हातारी सत्तरीत बसून म्हणते की बायका पण राबतात, त्या कुठायत ह्याच्यात. बाई 2002 मध्ये वारली, तारीख 1 मे. पेपर निघाला तीच.

आयकेनबर्ग ह्या सगळ्यात नंतर आला. जर्मनीत कोलोनला 1901 मध्ये ज्यू घरात जन्म, हिटलरवर व्यंगचित्रं काढलेली, त्यामुळं 1933 ला बायकापोरांसकट देश सोडला. अमेरिकेत दोस्तोयेव्हस्की, टॉलस्टॉयच्या पुस्तकांना चित्रं काढून नाव झालं. पुढं क्वेकर झाला, म्हंजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथात गेला. म्हंजे कॅथलिक नाहीच. 1949 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका क्वेकर केंद्रात डोरथी डेशी गाठ पडली. बाईंचं म्हणणं साधं होतं, आमच्या रांगेतल्या पुष्कळ लोकांना लेख वाचता येत नाहीत, त्यांना कळेल असं काहीतरी दे. पैसे नव्हतेच द्यायला. तो पुढं अनेक वर्षं फुकट चित्रं देत राहिला. रांगेतला ख्रिस्त त्यातलाच. अजून एक आहे शेवटच्या जेवणाचं, टेबलाभोवती शिष्य म्हणून ही रस्त्यावरचीच माणसं.

ज्यांच्यासाठी चित्र काढलं तेच चित्रात आहेत, इथं मी बराच वेळ अडकून पडलो. आपण देवळात जातो, चर्चमध्ये जातो, तिथल्या चित्रात बघणारा कधी नसतोच. इथं पहाटे थंडीत पावासाठी उभा राहिलेला माणूस आत जातो, हातात पेपर घेतो, आणि पेपरात त्याचीच रांग, त्याचाच कोट, आणि त्याच्या मागचा नंबर देवाचा.

आता ह्याच्यावर मी घरात भाषण ठोकलं. म्हटलं आपल्या गोष्टींत देव गरिबाच्या वेशात येतो पण तो कायम द्यायच्या बाजूला असतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या, आपल्याच जिल्ह्यातले. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली, बेदरहून बोलावणं आलं, आणि विठोबा विठू महाराच्या रूपात खांद्यावर घोंगडी टाकून धान्याचे पैसे भरून आला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरलं. म्हंजे देव मजूर होतो, नोकर होतो, पण कोठारासमोर धान्य मागायला रांगेत उभा राहिलेला विठोबा कुठल्या चित्रात दाखवा. भुकेलेला देव आपण रंगवत नाही.

आई ज्वारी निवडत बसलेली, मान वर न करता म्हणाली, "आन् गाणगापूरला काय हुतंय मग?"

गप्पच बसलो. गाणगापूर सोलापूरहून रेल्वेनं किती लांब आहे, आमची आई लग्नाआधीपासनं जाते. तिथं दुपारी दत्त महाराज माधुकरीला येतात असं मानतात, कुठल्या रूपात ते कुणालाच कळत नाही, म्हणून झोळी पुढं करेल त्याला घास द्यायचा. आणि तिथं आलेली माणसं, चांगली बागायतदार, नोकरदार, बायाबापड्या, स्वतः पण झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागतात. आईनं पण मागितलीय. सकाळी हीच बाई भाकरी थापून वाटणार आणि दुपारी हीच हात पसरणार.

म्हंजे ते न्यूयॉर्कचं घर आणि आपलं गाणगापूर ह्यांच्यात फरक नाही असं म्हणायचं का? नाही, फरक आहे. गाणगापूरला माणूस दोन दिवस मागतो आणि घरी येतो, सिव्हिलच्या फुटपाथवरच्या माणसाला तसा घरचा रस्ता मोकळा नसतो. डोरथी डेच्या रांगेतल्यांना पण नव्हता. पण देव घेणाऱ्याच्या बाजूला उभा असतो हे आपल्याला माहीत आहे, आईला तर सोडाच, गाणगापूरच्या गाडीतल्या प्रत्येक म्हातारीला माहीत आहे. चित्र तेवढं कुणी काढलं नाही. दत्ताचं कॅलेंडर आणा, तीन तोंडं, सहा हात, मागं गाय, पायाशी चार कुत्री. सुंदरच असतं. दुपारच्या उन्हात झोळ्या घेतलेल्या माणसांची गर्दी, आणि त्यातला एक दत्त, कुठला ते सांगायचं नाही, हे चित्र कुठल्याच प्रेसनं छापलेलं माझ्या बघण्यात नाही. विकणार कसं म्हणा. फ्रेमला हार घालायचा म्हटलं तर कुणाला घालायचा?

भारतात ख्रिस्ती चित्रं आपल्या अंगानं काढायचा प्रयत्न झालाय, तोही पुण्यात. अँजेलो द फोन्सेका, 1902 ला गोव्यात जन्मलेले, शांतिनिकेतनला अवनींद्रनाथांच्या परंपरेत शिकलेले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, सावळी केली, गोव्यात लोक भडकले, मग हे पुण्याला येऊन शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. तो आश्रम अँग्लिकन, म्हंजे इंग्लंडच्या चर्चच्या लोकांचा, फोन्सेका कॅथलिक, तरी आयुष्याची बरीच वर्षं तिथं चित्रं काढत गेली. 1967 मध्ये वारले. त्यांची चित्रं आता गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरला आहेत. मी नेटवर जेवढी बघितली तेवढी अप्रतिम आहेत, रंग इतका हलका की भिजलेल्या भिंतीसारखा. अक्कांना ती दाखवली तर त्यांचा जीव त्यांच्यावरच बसला, "ही बघ, ही आपली वाटते." खरंय, चेहरा आपला, लुगडं आपलं. पण मला पाहिजे होतं ते थोडं वेगळं होतं. तिथं मरिया कुठल्या देशाची हे बदललं. रांगेच्या चित्रात येशू कुठं उभा आहे हे बदललंय. मला दुसरं जास्त अवघड वाटतं, म्हंजे काढायला नाही, भिंतीवर लावून घ्यायला.

असो, कामाचं बोलू. पहिली गोष्ट, मी अक्कांना सांगितलं की हे आयकेनबर्गचं चित्र आहे, असं उचलून विणायचं नाही, हक्काबिक्काचं असतंय. आपण आपली रांग काढू. पण अंदाज यावा म्हणून मी आधी ह्याच चित्राचा एक कच्चा ग्राफ करून कॉम्प्युटरवर बघितला आणि तिथंच घोळ कळला. बघणाऱ्याला वाटतं काळापांढरा म्हंजे सोपं. लाकडावर एवढा मोठा काळा भाग म्हंजे नुसतं कोरायचं नाही, संपलं. लूमवर एवढा मोठा काळा भाग म्हंजे धागा लांबच्या लांब सुटा राहतो, त्याला आम्ही फ्लोट म्हणतो, बोटात अडकतो, दोन धुण्यांत लोंबतो. मग त्या काळ्यात मधे मधे बांधणीचे ठिपके टाकावे लागतात, सॅटिनच्या हिशोबानं, एका रेषेत न येतील असे. तिथं पांढरा धागा अगदी कणभर वर डोकावतो. म्हंजे विणलेला काळा कधीच पूर्ण काळा नसतो, येशूच्या पाठीवर पण आणि त्याच्या पुढच्या दारुड्याच्या पाठीवर पण सारखेच पांढरे कण. हे मी मुद्दाम केलेलं नाही, लूमला तेच जमतं. पण मला बरं वाटलं खरं.

मग आमच्या विणकर अण्णांना दाखवलं. पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर फाकडू सोलापुरी, तीस-चाळीस वर्षं लूमवर. बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यातला देव कुठला ओ? सगळे एकसारकेच दिसलालेत की."

मी मधल्याच्या डोक्यामागचा उजेड दाखवला. तर म्हणाले, "ते व्हय. मला वाटलं लाईट हाय मागं." आणि वर म्हणाले, "आमच्या घरची बाई रोज ब्रँचला विड्या द्यायला असंच उभारते." खरंय, विडी कारखान्याच्या ब्रँचसमोर टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांची रांग सोलापुरात कुणी बघितली नाही? माल मोजून घेणार, त्यातली छाट, म्हंजे नापास विड्या, काढून बाजूला टाकणार, मग उद्याची पानं आणि तंबाखू मिळणार. पूर्व भागात सकाळी गेलात तर आयकेनबर्गला मॉडेल शोधत फिरायची गरजच पडली नसती.

अक्कांना मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, उजेड काढून टाकू. बेथ्यूनसारखं करू, सगळे कामातले, सगळे माणसासारखे. त्यांना पटलं नाही. म्हणाल्या, "तू म्हणतोस ते बरोबर आहे, पण तेज काढलंस तर ही नुसती रांग झाली. नुसती रांग मी रोज बघते, ती कशाला भिंतीवर लावू?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून पण नाही. कारण त्या बरोबर बोलतात. आयकेनबर्गनं पण उजेड ठेवलाच. त्यानं तो काढला असता तर ते बेकारीवरचं चित्र झालं असतं, चांगलं झालं असतं, पण पहाटे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्यातनं नवीन काय कळलं असतं? आपण रांगेत आहोत हे त्याला माहीतच होतं.

त्यांच्या ग्रुपमध्ये ह्याच्यावर चांगलीच वादावादी झाली म्हणे. शाळेतल्या सरांना येशू वाढताना पाहिजे, हातात डाव, समोर पातेलं. त्यांचं म्हणणं आपण वाढायला जातो तर आपल्याला बळ येईल असं चित्र पाहिजे. रिक्षावाले दादा म्हणाले की मग आपणच येशू झालो की, असं कसं चालेल. हे रिक्षावाले दादा म्हंजे, अक्कांनी नंतर सांगितलं, आधी सिव्हिलच्या फुटपाथवरच होते, वडील ॲडमिट असताना. जेवण घ्यायला यायचे. वडील गेले, त्याच्या पुढच्या रविवारी हे भांडी धुवायला हजर. ख्रिश्चन पण नाहीत, मिस्सेला बाहेर रिक्षात बसून राहतात आणि मग पातेली रिक्षात घालून घेऊन जातात.

शेवटी त्यांचंच ऐकलं सगळ्यांनी. येशू रांगेतच. उजेड ठेवायचा, पण तो सिव्हिलच्या गेटवरच्या ट्यूबलाइटचा, आणि तो बरोबर एकाच्याच डोक्यामागं येईल असा. ज्याला बघायचंय तो बघेल, अण्णांसारख्याला लाईट वाटली तरी हरकत नाही. रांगेत एक विडीवाली पाहिजे हे मी घुसवलंय, तिची टोपली ग्राफवर फार छान येते. धर्मगुरूंना दाखवलं तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं की रांगेत लहान पोर का नाही. ते पण घातलं, आईच्या कडेवर.

आता अडलंय ते येशूच्या हातावर. अक्का म्हणतात डबा द्यायचा, जेवणाची रांग आहे तर हातात डबाच असणार. मी म्हणतो सिव्हिलचा केसपेपर द्या, म्हंजे आत त्याचं कुणीतरी ॲडमिट आहे हे कळेल. शिवाय डब्याला गोलाई येते, चारशे हुकाच्या (हूक म्हंजे धागे उचलणारा आकडा) जेकार्डवर एवढ्या लहान आकाराची गोलाई हमखास दातरी होते. केसपेपर सरळ चौकोनी, नऊ-दहा धाग्यांत बसतो.